अंतर्मुख कोण आणि नुसतं गप्प कोण?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥

कुटुंबगटांसाठी अभ्यासलेख, बारडोली



गेल्या महिन्यातल्या प्रवचनात "अंतर्मुख व्हा" असा शब्द आला होता. गुरुवारी गटात त्यावर बोलणं निघालं, तेव्हा कॉलेजात जाणारी एक ताई पटकन म्हणाली, "मी तर आहेच अंतर्मुख. इन्ट्रोव्हर्ट! मला कुणाकडे जायला-यायला आवडतच नाही." सगळे हसले. तिची आजी मात्र हसली नाही. "ह्याला अंतर्मुख म्हणत नाहीत, माणूसघाणेपणा म्हणतात," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. त्या रात्री घरी दोघींचं बोलणं नव्हतं, असं नंतर कळलं.

आम्ही गट चालवणाऱ्या तिघीजणी त्यावर आठवडाभर बोलत होतो. कारण आजींचंही पूर्ण चूक नव्हतं आणि नातीचंही. गोंधळ आहे तो शब्दाचा. म्हणून हा लेख. थोडा लांबला आहे, दोन बैठकांत वाचला तरी चालेल.

सत्संगात आपण अंतर्मुख म्हणतो तेव्हा मनाची दिशा सांगत असतो. आज आपण कुणाला लागेल असं बोललो का, राग कुठून आला, नाम घेताना मन कुठे होतं, हे स्वतःकडे वळून पाहणं. हे करावं लागतं, आपोआप होत नाही. कॉलेजातली मुलं अंतर्मुख म्हणतात तेव्हा ती स्वभाव सांगत असतात. हा दुसरा अर्थ तसा अलीकडचा. स्वित्झर्लंडचे मनोविज्ञानी कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांच्या स्वभावप्रकारांवर पुस्तक लिहिलं, त्यातून हे दोन शब्द जगभर पसरले. काहींच्या मनाचा ओढा आपसूक आतल्या विचारांकडे असतो, काहींचा बाहेरच्या माणसांकडे आणि घडामोडींकडे. शंभर टक्के एकाच बाजूचा माणूस नसतो, हेही युंग यांनी मानलं होतं. आपल्या भाषेत शब्द मात्र एकच राहिला, आणि तिथे आमची फसगत झाली. जो गप्प बसतो तो आपोआप वरच्या पायरीवरचा साधक आणि जो बोलतो तो बहिर्मुख, म्हणजे अजून कच्चा, असं आम्ही नकळत धरून चाललो. घरात आणि लग्नकार्यात मात्र बरोबर उलटं. तिथे बोलणारी सून "मोकळी" आणि गप्प बसणारी "घुमी".

आमच्या हातून काय झालं ते आधी सांगतो.

आपल्या गटात वाचन झालं की प्रत्येकाने आठवड्यातला एक अनुभव सांगायचा, अशी पद्धत आहे. चांगली पद्धत आहे. खानदेशातून लग्न होऊन आलेली एक वहिनी आपली पाळी जवळ आली की उठून चहा ठेवायला आत जायची. दोन-तीनदा आम्ही सोडून दिलं. मग आमच्यातल्याच एकीने ठरवलं की हिची भीड मोडायची. एका गुरुवारी तिला हाताला धरून मधे बसवलं, "आज वहिनींचा अनुभव ऐकल्याशिवाय आरती नाही" असं जाहीर केलं, आणि वर मोबाईलही तिच्याकडे धरला, ग्रुपवर टाकायला म्हणून. तिने दोन वाक्यं कशीबशी म्हटली. तिसऱ्याला आवाज फुटेना. डोळे भरले. ती आत गेली, ती आरतीलाही बाहेर आली नाही. त्यानंतर तीन महिने गटाला आलीच नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "माहेरचंच वळण तसं, काय करणार!" आम्हीही मान डोलावली. मनात होतं, हिला सेवेची आवडच नाही.

पुढे एक गोष्ट कळली. दर शुक्रवारी तिच्या यजमानांच्या नंबरवरून आम्हाला गुरुवारच्या वाचनाचा सारांश टाईप करून येत असे. नेटका, एकही चूक नसलेला, आणि ज्या प्रश्नावर बैठकीत गाडी अडली होती त्याच्यावर शेवटी दोन ओळी लिहिलेल्या. आम्ही ग्रुपवर "दादांची उत्तम सेवा" म्हणून कौतुक करत होतो. तो सगळा मजकूर वहिनींचा होता! त्या तीन महिन्यांतसुद्धा एकही शुक्रवार चुकला नव्हता. घरी यजमानांकडून काय वाचलं ते विचारून ती लिहायची. दादांनी आम्हाला का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाले, "तिनेच नको म्हटलं. पुन्हा मधे बसवतील म्हणाली."

हे वाक्य आम्हाला लागलं. लागायलाच हवं होतं.

आता मुलांकडे येऊ, कारण शिक्के तिथूनच सुरू होतात. "हा कुणात मिसळत नाही", "हिला पाहुणे आले की खोलीत जायचं असतं", हे आपण पोरांच्या देखतच बोलतो. स्वभाव किती लवकर दिसतो याचा अभ्यास अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जेरोम कागन यांनी केला. चार महिन्यांच्या बाळांना रंगीत हलती खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले, नवा वास दिला. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडायचं आणि रडायचं. बाकीची बरीचशी मजेत पाहत राहायची. आपल्याला वाटेल की हातपाय झाडणारं बाळ पुढे दांडगं, बोलकं निघेल. झालं उलटं. मोठेपणी बुजरी, सावध, गर्दीत मागे राहणारी मुलं त्या रडणाऱ्यांतून जास्त निघाली. नवीन गोष्ट त्यांच्या आत फार जोरात शिरते, म्हणून ती सांभाळून वागतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ते खरं, फक्त इथे ते उलटे दिसले. सगळीच मुलं तशी राहिली असंही नाही, पुष्कळ जण मोठेपणी सावरली. पण मुळात तो काही हट्ट नव्हता किंवा आईच्या वळणाचा दोष नव्हता.

लंडनमध्ये हान्स आयझेंक यांनीही असाच विचार मांडला की अंतर्मुख माणसाचा मेंदू थोड्या गोष्टीनेही लवकर जागा होतो, त्यामुळे त्याला गर्दी-गोंगाट लवकर पुरे होतो. बहिर्मुखाला जागं वाटायलाच चार माणसं लागतात. त्यांचा एक प्रयोग मजेशीर आहे. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकायचे आणि किती लाळ सुटते ते मोजायचं. अंतर्मुखांना जास्त सुटली. (गटातल्या मुलांनी हा प्रयोग आजोबांवर करू नये!) माणूस काही लिंबाच्या थेंबावर मोजता येत नाही, पण एक गोष्ट पटते. लग्नाच्या हॉलमधून अर्ध्या तासात बाहेर येणारा दादा कुणाचा अपमान करत नसतो. त्याचा पेला लवकर भरतो, एवढंच.

इथे आणखी एक फरक नीट समजून घ्यायला हवा. एकटं बसायला आवडणं वेगळं आणि लोकांसमोर घाबरणं वेगळं. पहिली आवड आहे. दुसरी भीड आहे, तिने माणसाला त्रास होतो. आवड बदलायची गरज नाही. भीड कमी होऊ शकते, पण हाताला धरून मधे बसवून नव्हे. याचं उदाहरण आपल्या गावाशीच जोडलेलं आहे.

स्वराज आश्रमावरून आपण बाजारात जाता-येता जातो. मुलं शाळेच्या सहलीत आत जाऊन येतात. ज्या गांधीजींशीही ती जागा जोडलेली आहे, ते लहानपणी राजकोटला शाळा सुटली की घरी पळत सुटायचे, का तर वाटेत कुणाशी बोलावं लागू नये. हे त्यांनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये स्वतःच लिहिलं आहे. १८८८ ते १८९१ ते लंडनला बॅरिस्टर व्हायला राहिले. तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत होते, पण सभेत तोंड उघडत नसत. एकदा एका सभासदाला काढून टाकण्याचा प्रश्न आला. ते गांधीजींना अन्यायाचं वाटलं. त्यांनी आपलं म्हणणं कागदावर लिहून नेलं, पण वाचायचा धीर झाला नाही, दुसऱ्याने वाचून दाखवलं. व्हेंटनर या गावी लिहून नेलेलं भाषण वाचायला उभे राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी आली, तेही सोबतच्या गृहस्थांनी वाचलं. भारतात परत यायच्या आधी मित्रांना जेवण दिलं, छान विनोदी सुरुवात ठरवून ठेवली होती, ती विसरले आणि आभाराचं एक वाक्य बोलून खाली बसले. पुढे मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचेना. फी परत केली आणि निघून आले.

आपल्या गटात त्या वेळचे मोहनदास आले असते तर आम्ही त्यांनाही मधे बसवलं असतं का? बहुतेक बसवलंच असतं.

१८९३ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला त्यांनी तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांची सभा घेतली आणि खरेपणाने व्यवहार करा, हे सांगितलं. आयुष्यातलं ते आपलं पहिलं भाषण, असं ते म्हणतात. स्वभाव एका रात्रीत पालटला नव्हता. बोलायला कारण मिळालं होतं, समोरच्या माणसांचं दुःख डोळ्यांनी पाहिलं होतं. नंतरही ते काही फर्डे वक्ते झाले नाहीत. हळू आवाजात, साधं बोलायचे. पुढच्या आयुष्यात सोमवारी मौन पाळायचे आणि लागलं तर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. लाजाळूपणामुळे शब्द जपून वापरायची सवय लागली, ती आपल्याला ढालीसारखी उपयोगी पडली, असंच त्यांनी म्हटलं आहे.

आणि १९२८ चा बारडोलीचा लढा पाहा. सरकारने तालुक्याचा शेतसारा साधारण २२ टक्क्यांनी वाढवला, तेव्हा १२ फेब्रुवारीला शेतकऱ्यांनी सारा न भरण्याचं ठरवलं. गावोगाव फिरून बोलायचं काम वल्लभभाईंचं. शेतकऱ्याच्या भाषेत, बैल-नांगराचे दाखले देत, टोमणे मारत, हसवत ते बोलायचे. इथेच लोक त्यांना सरदार म्हणू लागले. गांधीजी ते सगळे महिने मागे राहिले. वल्लभभाईंना अटक होईल अशी चिन्हं दिसली तेव्हा २ ऑगस्टला ते बारडोलीत आले. चार दिवसांत तडजोड झाली, आणि पुढे चौकशी होऊन ती वाढ जेमतेम सहा टक्क्यांवर आली. या काळात सभा तर होत्याच, पण रोज पत्रिका छापून गावागावांत वाटली जात होती. ती लिहिणारे होते, जुळारी होते, पायी नेऊन देणारे होते. मीठुबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन घरोघर जाऊन बायकांशी बोलत होत्या. सभेत येऊन ऐकणाऱ्या बाया वेगळ्या आणि ओट्यावर बसून मन मोकळं करणाऱ्या वेगळ्या, दोघींपर्यंत पोचायला दोन वाटा लागल्या.

मणिबेन यांचं आम्हाला विशेष वाटतं. वडिलांच्या सोबत १९५० पर्यंत, त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत राहिल्या. त्यांचं वेळापत्रक, पत्रं, भेटी सांभाळल्या, स्वतः सूत कातलं, त्याचे कपडे वडील वापरायचे. आणि रोजनिशी लिहिली. ती पुस्तकरूपाने आली तेव्हा मोठमोठ्या लोकांच्या खोलीत ही बाई इतकी वर्षं काय काय पाहत होती ते लोकांना कळलं. या थोर मंडळींवर आपण इन्ट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्टचे शिक्के मारत बसू नये, तेवढी आपली पात्रता नाही. पण फक्त बोलणाऱ्यांच्या जिवावर बारडोली जिंकली नाही, एवढं आपल्याला गावातच बसून दिसतं.

आता दुसऱ्या बाजूची चूक. हीही आमचीच.

गटात एक काका आहेत. कारखान्यातून निवृत्त, काकू जाऊन दीड वर्ष झालं. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी. काकांची पाळी आली की पंधरा-वीस मिनिटं. अनुभवातून ऊसतोडणी, तिथून त्यांच्या पहिल्या सायकलीवर. मुलं कंटाळायची, आरतीला उशीर व्हायचा. आम्ही तीन मिनिटांचा नियम केला, छोटी घंटा ठेवली. इथवर ठीक होतं. पण एकदा घंटा वाजल्यावरही ते थांबेनात, तेव्हा आम्ही म्हणालो, "काका, आता जरा अंतर्मुख व्हायला शिका." शब्द साधनेचा, पण वापर टोमण्यासारखा. काका हसले आणि बसले. त्यानंतर ते यायचे, पण वेळेवर यायचे. आधी अर्धा तास लवकर येऊन सतरंज्या घालणारे, समई पुसणारे, येणाऱ्या प्रत्येकाला "या, या" म्हणणारे काका बंद झाले.

दिवाळीला फराळ घेऊन गेलो तेव्हा त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "ताई, सकाळी दूधवाल्याशी बोलतो, मग रात्री टीव्हीशी. मधे कुणी नाही. गुरुवारी एवढी माणसं दिसली की मला आवरत नाही." बहिर्मुख माणसाला एकटेपणा किती जाळतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. गप्प माणसाला जसा गर्दीनंतर एकांत लागतो, तसा काकांना एकांतानंतर माणूस लागतो. दोन्ही भूकच. एका भुकेला आपण वैराग्य म्हणायचं आणि दुसरीला चंचलपणा, हा न्याय कुठला?

बायकांच्या एकांताबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हे कुणी बोलत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे लंडन-अमेरिकेची मंडळी आली की शेजारपाजारची घरं गजबजून जातात. आपल्याही घरी लग्नसराईत चार-पाच दिवस दहा-बारा माणसं असतात. अशा वेळी घरातली एखादी सून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की पाऊण तास येत नाही. बादलीभर कपड्यांना पाऊण तास लागत नाही, हे आम्हालाही कळतं! आमच्या आयांना तर खोली सोडा, स्वतःचा कोपरासुद्धा नव्हता. मग देवघर होतं. देवपूजेला बसलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही. जपाची माळ हातात असली की सासूसुद्धा हळू बोलते. किती जणींनी त्या माळेआड दिवसातला एकुलता एक निवांत श्वास घेतला असेल. त्यात पाप काही नाही. पण एवढंच की तो निवांतपणा म्हणजेच साधना झाली, असं मात्र समजू नये. जपाला बसून "भाजी कोण निवडतंय, तिला किती वेळ लागतोय" हे मोजत असलो तर तोंड मिटलेलं आहे आणि मन सगळ्या घरभर फिरतंय. आम्हीही अशा बसलेल्या आहोत.

उलटही तेवढंच खरं. प्रत्येक सेवेत पुढे, प्रत्येक लग्नात हजर, फोन सतत कानाला, हे काही वेळा माणसांची आवड असते आणि काही वेळा स्वतःसोबत पाच मिनिटं बसायची भीती असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तुकोबांना भंडाऱ्याचा डोंगर लागत होता आणि देहूत कीर्तनाला माणसंही लागत होती. समर्थ टाकळीला वर्षानुवर्षं एकांतात राहिले आणि नंतर गावोगाव हिंडून मठ उभे केले. आपण त्यांतलं आपल्याला सोपं जाणारं अर्धं उचलतो आणि त्याला साधना म्हणतो. गप्प राहणं ज्याला सोपं त्याचं मौन त्याला फारसं काही शिकवत नाही, त्याला एखाद्या आजारी शेजाऱ्याकडे दहा मिनिटं बसून येणं जास्त शिकवेल. बोलणं जिला सोपं तिला तीच दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून बसणं अवघड जाईल. हे ज्याने त्याने स्वतःपुरतं तपासायचं. दुसऱ्याचं तपासायला जाऊ नये, आम्ही गेलो आणि काय झालं ते वर सांगितलंच.

नवरात्रात एक गंमत पाहिली. गरब्याच्या गर्दीत कधी न टिकणाऱ्या एक ताई यंदा नऊच्या नऊ रात्री आल्या. कशा? प्रसादाच्या टेबलावर द्रोण भरायला उभ्या राहिल्या. हातात काम असलं की गर्दी सोसते. येणाऱ्याशी "घ्या" आणि "आणखी देऊ?" एवढंच बोलायचं, तरी शेकडो माणसं भेटून गेली. दसऱ्याच्या दिवशी मात्र त्यांनी दार लावून घेतलं आणि फोनही घेतला नाही. त्यांच्या यजमानांनी ग्रुपवर लिहिलं, "उद्या भेटतील." समजूतदार यजमान!

ग्रुपवरूनही एक सांगायचं. मेसेज वाचून कुणी हात जोडले नाहीत की आपल्यातलेच काही जण "निळी खूण दिसतेय, पण नमस्कार नाही" असं लिहितात. कृपया लिहू नये. वाचणारा वाचतो आहे.

त्या वहिनी आता येतात. आपणहून आल्या, आम्ही बोलवायला गेलो नव्हतो. घरी जाऊन माफी मात्र मागून आलो होतो, सासूबाईंच्या समोर. हा लेखसुद्धा आमच्या कच्च्या कागदावरून त्यांनीच टाईप केला आहे, आणि त्यांच्याबद्दलचा भाग ठेवू की काढू, असं विचारल्यावर "राहू द्या, पण नाव नको" एवढं त्यांनी कळवलं. आजी आणि कॉलेजातली ताई बोलायला लागल्या आहेत. ताई म्हणते, आजी अजूनही पाहुण्यांसमोर तिला गाणं म्हणायला सांगते. ते काही एका लेखाने थांबणार नाही.

येत्या गुरुवारचं: बैठक संध्याकाळी ७ वाजता नेहमीच्या घरी. अनुभव सांगायची पद्धत चालू राहील, पण पाळी नसेल. ज्याला बोलायचं तो बोलेल, ज्याला लिहून द्यायचं त्याने चिठ्ठी समईजवळच्या डब्यात टाकावी, नाव घातलं नाही तरी चालेल, आणि ज्याला दोन्ही नको त्याने नुसतं यावं. वाचनानंतर दहा मिनिटं सगळ्यांनी शांत बसायचं, त्यात घंटा आमच्या हातात. आरतीनंतर चहाला अर्धा तास जास्त ठेवला आहे. ज्यांना गप्पा मारायच्या आहेत त्यांनी थांबावं, ज्यांना निघायचं आहे त्यांना कुणी "एवढी काय घाई" म्हणू नये. काकांना विनंती की साडेसहाला यावं, सतरंज्यांची किल्ली त्यांच्याकडेच दिली आहे.